आधी फोन, मग दोर

डोंगरात, गुहेत, विहिरीत अडकलेल्यांना बाहेर काढणाऱ्या आमच्या रेस्क्यू ग्रुपात माझं काम फोनचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चढण बंदच झाली, म्हणून दोर, कॅरॅबिनरच्या कड्या, स्ट्रेचर सगळं पोरांकडे आणि माझ्याकडे एक वही, दोन चार्जर आणि शे-दीडशे लोकांचे नंबर. पेपरात फोटो येतो तो दोरीला लटकलेल्या माणसाचा, पण टीम घराबाहेर पडायच्या आधी जे काय चालतं ना त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. मागच्या श्रावणातली गोष्ट, फोन माझ्याकडे आल्यानंतरचा पहिला मोठा कॉल. किल्ल्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर पुढच्या रविवारी रीलवाले तिथं हजर. कन्नड-सोयगावच्या बाजूला, अजिंठ्याच्या रांगेत, एवढं पुरे.

आता कुणी म्हणेल मराठवाड्यात कुठल्या आल्यात गुहा. बरोबर आहे, आपला खडक बेसाल्ट. चुनखडी पाण्यात विरघळते म्हणून मेघालयात मैलोनमैल गुहा झाल्या, आंध्रात बेलम आहे, आपल्याकडं तसं काही नाही, आपल्याकडं जे आहे ते बहुतेक माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेलं. पण वेरूळ, अजिंठा सोडून जरा आडवाटेला जा, किल्ल्यांवर खांबटाकी, म्हणजे मधे खांब ठेवून खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, अर्धवट सोडलेली लेणी आहेत, गाळानं भरलेली भुयारं आहेत, तोंड वाकून जाण्याएवढं आणि आत कुठं जमीन संपते ते टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही, वर वटवाघळं, खाली त्यांच्या विष्ठेचा निसरडा थर. त्यात श्रावणात पाणी. शिवाय आमचे निम्म्याच्या वर कॉल विहिरींचे असतात, तो वेगळाच विषय, त्याबद्दल पुढं येईलच.

त्या रविवारी रात्री पावणेनऊला एका मुलीचा फोन आला. भाऊ आणि त्याचा मित्र सकाळी बाईकवर किल्ला बघायला गेले ते आले नाहीत, फोन लागत नाही. भावाच्या कपाटाला आमच्या वर्कशॉपचं स्टिकर होतं, त्यावरून तिनं नंबर काढला. आता रविवारी रात्री पावणेनऊला पोरं घरी न येणं यात विशेष काही नाही, पावसात कुठंतरी भजी खात बसली असतील असंच कुणालाही वाटेल. पण ती म्हणाली मॅडम, माझी दहाची पुण्याची ट्रॅव्हल्स आहे, 'बाबा पेट्रोल पंप' स्टॉपवर मला तोच सोडणार होता, माझी बॅग त्यानंच सकाळी बांधून ठेवलीय, तो असा विसरणाऱ्यातला नाही. हे ऐकलं आणि मी वही उघडली. कारण आता "उशीर" कशापासून मोजायचा ते ठरलं होतं.

अशी ठरलेली वेळ लागते हे मला भाच्यामुळं कळलेलं. तो इंग्लंडात लीड्सला शिकतो, तिकडं यॉर्कशरमध्ये चुनखडीच्या गुहा भरपूर, त्याच्या क्लबची पोरं सुट्टीत त्यात उतरतात. उतरायच्या आधी बाहेरच्या एका माणसाला सांगून जायचं, कुठली गुहा, कोण कोण, कुठल्या वाटेनं आणि किती वाजेपर्यंत वर येणार. ती वेळ टळली की त्या माणसानं "अजून तासभर बघू" करत बसायचं नाही, सरळ ९९९, म्हणजे तिकडचा इमर्जन्सी नंबर लावायचा, पोलीस मागायचे आणि केव्ह रेस्क्यू पाहिजे म्हणून सांगायचं. मग पोलीस त्या भागातल्या टीमच्या ड्युटीवरच्या माणसाला फोन करतात, तो प्रश्न विचारतो आणि किती लोकं उठवायची ते ठरवतो. सगळे व्हॉलंटिअर, कुणी प्लंबर कुणी मास्तर, पैसे घेत नाहीत. त्या भागातली संघटना १९३५ सालची आहे, जगातली पहिली समजतात. मुळात कारण साधं आहे, खडकाच्या आत मोबाईल चालत नाही, म्हणजे जो अडकलाय तो स्वतः फोन करूच शकत नाही. बाहेर कुणाला तरी घड्याळ बघत बसावं लागतं. इथं ती बहीण नकळत तेच करत होती.

तर प्रश्न. आमच्याकडं एक छापील कागद आहे पण खरं सांगायचं तर रडणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवता येत नाही, गप्पा मारल्यासारखं विचारावं लागतं. किती जण, वय, शेवटचं बोलणं कधी आणि काय, अंगात काय कपडे, टॉर्च आहे का, दमा-फिट-शुगर काही, बाईकचा नंबर, अजून कुणाला सांगितलं. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कारण तिनं मित्राच्या वडिलांना सांगितलेलं आणि ते जीपमध्ये आठ-दहा जण कोंबून निघायच्या तयारीत होते. रात्री, पावसात, रस्ता माहीत नसलेली, टॉर्चशिवायची दहा माणसं डोंगरावर म्हणजे आमच्यासाठी दोनाचे बारा.

तिला दोन गोष्टी सांगितल्या. भावाला सारखे फोन लावू नको, त्याची बॅटरी असेल तर उरू दे, त्याऐवजी एक साधा एसएमएस टाक, कारण कॉल लागत नाही तिथंही कधी सेकंदभर रेंज आली की मेसेज जाऊन पडतो. मजकूर मी सांगितला, "आहात तिथंच थांबा. मोबाईल बंद ठेवा, दर तासाला ५ मिनिटं चालू करा. माणसं निघालीत." आणि दुसरं, दुपारपासून त्यानं पाठवलेले सगळे फोटो मला पाठव, कापून-बिपून नको, आहेत तसे.

मग पोलीस. पुष्कळांना वाटतं आम्ही दोर खांद्यावर टाकला की निघालो. तसं नसतं, पोलिसांना कळवल्याशिवाय आम्ही हलत नाही, कारण पुढं ॲम्ब्युलन्स लागते, फॉरेस्टवाल्यांचं गेट उघडावं लागतं, आणि देव न करो पण पंचनामाही लागू शकतो. ११२ ला लावला. तो फोन नवी मुंबईच्या सेंटरला जातो, तिथली मुलगी व्यवस्थित होती, माहिती घेतली, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला इव्हेंट टाकला. पण नंतर ज्या एका ठाण्यातून उलटा फोन आला त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा, चोवीस तास झाले का म्हणून. असा काही कायदा नाहीये हो, चोवीस तास थांबा असं कुठंही लिहिलेलं नाही, तरी हे वाक्य मराठवाड्यात पारापासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

त्यात हद्दीचा घोळ. शेवटचं टॉवर लोकेशन आलं चाळीसगावच्या बाजूचं, म्हणजे जळगाव जिल्हा, म्हणजे आमच्याकडं नाही. आता ज्यानं ती रांग बघितलीय त्याला लगेच कळेल, अजिंठ्याचा डोंगर उत्तरेला एकदम तुटतो आणि खाली खान्देश पसरलेला, कड्यावर उभं राहिलं की मोबाईल खालचाच टॉवर पकडतो. टॉवर तिकडचा असला तरी माणूस इकडच्या डोंगरावर असू शकतो हे मी तीन जणांना तीन वेळा समजावलं. तिसरा हवालदार तिथल्याच गौताळा अभयारण्याच्या बाजूला नोकरी केलेला निघाला, तो म्हणाला मॅडम मला माहितीये, तिथं उभा राहून मीच घरी बोलायचो, तुम्ही तुमची माणसं काढा मी गाडी पाठवतो. सव्वानऊ वाजले होते.

मधल्या वेळात फोटो आले. शेवटचा दुपारी एक-दहाचा. काळ्या खडकात एक बुटकं तोंड, आत दोन खांब, बाजूला शेंदूर फासलेला दगड आणि आमचे चिरंजीव दोन बोटं दाखवत उभे. किल्ल्याचं नाव बहिणीला माहीत नव्हतं, "सोयगाव साइडला" एवढंच. अशा वेळी आमचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत त्यांना उठवायचं असतं. या माणसानं मराठवाड्यातला एक किल्ला सोडलेला नाही, प्रत्येक टाक्याचं माप वहीत आहे, घरचे त्यांना वेडं समजतात. फोटो बघून गुरुजींचा दहा मिनिटांत फोन, "हे पूर्वेच्या बुरुजाखालचं टाकं, खांब तीन होते, एक पडला, आत उजवीकडं अजून एक दालन आहे, तिथं जमीन एकदम खाली जाते, पंधरा-एक फूट." मला तर त्याच वेळी अर्धी गोष्ट समजली.

गाव कळलं म्हणजे पोलीस पाटील शोधायचा. ग्रामसेवकाकडून नंबर मिळाला. पोलीस पाटील जेवत होते, म्हणाले ताई पाच मिन्टं द्या, आणि खरंच पाच मिनिटांत, "हाव ताई, बाईक हाय. मारुतीच्या पाराजवळ उभी हाय, एमएच २०, नंबर सांगू का?" नंबर जुळला. एका म्हातारीनं दुपारी दोघं वर जाताना बघितले होते, उतरताना नाही.

बाईक सापडणं म्हणजे काय ते सांगते. तोपर्यंत ती दोन पोरं जगात कुठंही असू शकत होती, लोणार, म्हैसमाळ, एखाद्या ढाब्यावर. बाईकनंतर ती एका डोंगरावर होती. थायलंडच्या गुहेत २०१८ ला बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकले तेव्हाही सुरुवात तोंडाशी सापडलेल्या सायकलींपासूनच झाली होती. त्या प्रकरणातलं मला अजून एक आवडतं, तिथं जवळच राहणाऱ्या, ती गुहा पाठ असलेल्या एका इंग्रज माणसानं अधिकाऱ्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर तीन पाणबुड्यांची नावं, हे लोक बोलवा. त्यातल्याच दोघांनी २ जुलैला पोरं शोधली, १० तारखेपर्यंत तेरा जण बाहेर आले, पण एक थाई पाणबुड्या त्यात गेला. पंप चालवायच्या सल्ल्याला आपल्या किर्लोस्करची माणसंही गेली होती. एवढं मोठं जगभरचं काम, पण कुणाला बोलवायचं ते एका चिठ्ठीवर होतं.

आमची चिठ्ठी म्हणजे माझी वही. त्यात नावापुढं नुसता नंबर नसतो, कुठं राहतो, गाडी कुठली, दोराचं काम येतं का, नाईट शिफ्ट कधी, आणि एक कोपरा असा की जो कुणी बोलून दाखवत नाही, रविवारी संध्याकाळी "बसणारे" कोण. घेतलेली असेल तर तो माणूस त्या रात्री नाही म्हणजे नाही, कितीही भारी क्लाइंबर असो. ग्रुपवर मेसेज टाकला, ठिकाण, दोन जण, बहुतेक टाक्यात, पाऊस चालू, उत्तर फक्त हो किंवा नाही आणि किती वाजता निघू शकता. हात जोडलेले इमोजी टाकायचे नाहीत असा नियम आहे तरी चार जणांनी टाकलेच. एकानं "काळजी घ्या" लिहिलं. अरे बाबा तू येतोयस का ते लिही ना.

सगळ्यांना एकदम काढत नाहीत. पहिली गाडी हलकी, पाच जण, त्यात आमचा डॉक्टर, दोन दोर, फर्स्ट एड, ब्लँकेटं. त्यांनी जाऊन बघायचं आणि सांगायचं. दुसरी गाडी स्ट्रेचर आणि जास्तीचे दोर घेऊन अर्ध्या तासानं. बाकीचे स्टँडबाय, म्हणजे झोपायचं, पण फोन उशाशी. स्टँडबायवाल्यांचे चेहरे पडतात हे माहितीये, पण पहाटे थकलेल्यांना बदलायला ताजी माणसं लागतात, डोंगरावरून स्ट्रेचर उतरवायचं तर एका वेळी सहा-आठ खांदे पाहिजेत आणि दर थोड्या वेळानं बदलायला तेवढेच दुसरे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरलाही कळवून ठेवलं. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांच्या टीमा त्या एका हेल्पलाइनवर जोडलेल्या आहेत, पण बहुतेक सह्याद्रीच्या अंगाला, पुणे, लोणावळा, नाशिक, महाड. मराठवाड्यापर्यंत यायचं म्हणजे रात्र जाते, म्हणून लवकर कळवलेलं बरं. नाशिककडची एक टीम तयार राहिली.

आता विहिरींचं. बंद जागेत, जुन्या विहिरीत, गाळ कुजलेल्या टाक्यात हवा खराब असू शकते. एक उतरतो, चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, दर वर्षी कुठं ना कुठं एकाच घरातले दोघं-तिघं असे जातात. म्हणून माझा पोलीस पाटलांना एकच धोशा होता, कुणीही आत उतरायचं नाही. ते म्हणाले, "उतरू नका म्हन्ता ताई, पन दोघं धनगर भाऊ कवाच वर गेलेत, त्यांचा वाडा तिथंच हाय. त्यान्ला कोन थांबवनार?"

पुढचा पाऊण तास मी फक्त वही बघत बसले. मग पोलीस पाटलांचा फोन, मागं कुत्री भुंकतायत, ते ओरडतच बोलत होते, "आवाज आला ताई! तोंडापासून हाक मारली, आतून वो दिली! दोन आवाज हायेत, दोन!" ते भाऊ शहाणे, आत गेलेच नव्हते, तोंडाशी बसून एक जण बोलत राहिला आणि दुसरा निरोप घेऊन पळत खाली आला, कारण टाक्यापाशी रेंज नाही. एकाचा पाय मोडलाय, दुसरा बरा आहे. दोन आवाज म्हणजे हवा ठीक, दोघं शुद्धीवर, घाई आहे पण धावपळ नको. पहिल्या गाडीला कन्नडच्या पुढं गाठून तेवढंच सांगितलं, गाडी हळू चालवा.

घरच्यांना सांभाळणं हे मात्र सगळ्यात अवघड, ते कुठल्याच वर्कशॉपात शिकवत नाहीत. मित्राचे वडील दर पाच मिनिटांनी फोन, मधे मामा, मधे कुणी नगरसेवकाचा माणूस, आणि तेवढ्यात वरचा फोन आला तर लाइन बिझी. म्हणून ठरवलं, घरचा एकच माणूस, आणि फोन मी करणार, दर अर्ध्या तासाला, सांगायला काही नसलं तरी. "काही नवीन नाही, पुढचा फोन अकराला" हे वाक्यसुद्धा माणसाला चालतं, फक्त अकराला फोन गेला पाहिजे. वडिलांना जीपसकट संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलला पाठवलं, आधार कार्ड, ब्लड ग्रुप, जुने रिपोर्ट घेऊन कॅज्युअल्टीला थांबा म्हटलं. ते काम खरंच होतं, नुसतं गुंतवायला नव्हतं, आणि दहा माणसं डोंगराऐवजी दवाखान्यात गेली.

वरचं काम मी बघितलेलं नाही म्हणून थोडक्यात. टीम एकच्या सुमारास गावात, पुढं दीड तास चढ. टाक्याच्या वर आग्या मोहोळ होतं, धनगर भावांनी आधीच बजावलं, बॅटऱ्या वर मारू नका, रात्री उजेडावर उठतात. सगळ्यांनी हेडलॅम्प खाली वळवून काम केलं. गुरुजी म्हणाले तेच उजवीकडचं दालन, वटवाघळांच्या घाणीवरून पाय सटकला, पोरगा खाली पडला, नडगीचं हाड मोडलं. मित्राला बाहेर येता येत होतं पण टॉर्च एकच, तो घेऊन निघायचं तर याला अंधारात ठेवून जावं लागलं असतं, म्हणून तो बसून राहिला. बारा तास. बरोबर केलं की नाही यावर आमच्यात अजून भांडणं होतात, मी म्हणते दुपारी उजेड होता तेव्हाच एकानं खाली यायला पाहिजे होतं, डॉक्टर म्हणतो तू तिथं असतीस तर तूही हलली नसतीस.

वॉकीटॉकी खडकातून जात नाही, मग आत एक, तोंडाशी एक आणि कड्यावर जिथं खान्देशचा टॉवर मिळतो तिथं एक, अशी तोंडी साखळी. ब्रिटिश टीमांकडं हेफोन म्हणून रेडिओ असतो, ८७ किलोहर्ट्झवर, तो खडकातून बोलतो, थायलंडलाही नेला होता. आमच्याकडं कड्यावर पावसात उभा राहिलेला एक इंजिनिअरिंगचा पोरगा होता. त्यानं तीन तास एकही निरोप चुकवला नाही, नंतर आठवडाभर खोकत होता.

पहाटे साडेपाचला स्ट्रेचर टाक्याबाहेर, आठच्या आत गावात, १०८ ची गाडी तयार. गावातल्या लोकांनी खांदे दिले म्हणून एवढ्या लवकर, नाहीतर आमच्या दहा जणांनी दुपारच केली असती.

आणि मग जे काम सगळे विसरतात ते, उठवलेल्या प्रत्येकाला झोपवणं. नाशिकवाल्यांना, ११२ ला, ठाण्याला, फॉरेस्टला, स्टँडबायवाल्यांना, गुरुजींना, सगळ्यांना एकेक फोन, झालं, दोघं बाहेर, थांबा. नाही केलं तर कुणीतरी सकाळी दहाला दोर घेऊन गावात पोचतो आणि तो बरोबरच असतो. वर गेलेली माणसं मोजून खाली आली का तेही बघायचं, गाडी चालवणाऱ्याची झोप झालेली पाहिजे, नसेल तर शाळेच्या व्हरांड्यात दोन तास पडा, मग निघा. ग्रुपवर लगेच फोटो टाकायचे नाहीत, घरच्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. तरी दुपारी एका चॅनलवर "भुयारात अडकले पाच तरुण" चालूच होतं.

मुलाचे वडील आठवड्यानं पाकीट घेऊन आले, घेतलं नाही, चहा पाजून पाठवलं. वहीत मात्र दोन नवीन नावं चढली, त्या धनगर भावांची, तालुक्याच्या पुढं "पायी, २० मिनिटं" असं लिहिलं, आमच्यातला कुणीही त्या टाक्यापाशी एवढ्यात पोचणार नाही. नंबर मागायला पोलीस पाटलांना फोन केला तर ते म्हणाले, "नंबर देतो की ताई, पन पोरान्ला आधी तुमच्यासारख्या टोप्या द्या, त्या बॅटरीवाल्या. उगं डोकं फोडून घ्यायचे." दोन हेल्मेट, दोन हेडलॅम्प एसटीच्या पार्सलनं पाठवले. पोचले म्हणून पाटलांनी फोटो टाकला, त्यात टोप्या घालून भाऊ नाहीत, त्यांची पोरं उभी आहेत.